भाकरी सोडावी काय? : एका आहाराचा इतिहास व काही गैरसमज

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत स्वयंपाकघराचा विषय येतो तो बहुधा पाककृतींच्या रूपाने. यंदा पाककृतीऐवजी एका आहाराची हकीकत भगिनींपुढे मांडण्याचे योजिले आहे. कारण उघड आहे. ‘मी भाकरी बंद केली’, ‘भाताला शिवत नाही’, ‘पिठाचे काही खात नाही’ ही वाक्ये पूर्वी शहरांतून ऐकू येत. आता ती सिपना नदीच्या काठी, आपल्या सेमाडोहातही ऐकू येऊ लागली आहेत. परतवाड्याला किंवा अमरावतीला नातेवाइकांकडे जाऊन आलेली बाई येताना एखादा नवा नियम घेऊन येते. मोबाईलवर तर रोज एक नियम येतो. ज्वारी चालते, गहू चालत नाही. साखर वाईट, गूळ चांगला. फळे वर्ज्य, तूप हवे तितके. असे परस्परांशी न जुळणारे उपदेश ऐकून चांगली शहाणी बाईही गोंधळून जाते. एकीला गुण आला म्हणून दुसरी करते, दुसरीचे पाहून तिसरी करते. आणि त्या तिसरीला आधीच पांडुरोग असला किंवा तिला दिवस गेलेले असले, तर चांगल्या हेतूने घेतलेला नियम तिच्या व बाळाच्या जिवावर बेततो. म्हणून हा आहार मुळात निघाला कोठून, कोणासाठी निघाला, आणि वाटेत त्याला कोणकोणते गैरसमज चिकटले, हे एकदा शांतपणे पाहणे इष्ट होय.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. धान्यातील पिष्ट आणि फळांतील, दुधातील, उसातील साखर यांना मिळून कर्बोदके म्हणतात. पोटात गेल्यावर पिष्टाचीही शेवटी साखरच होते व ती रक्तात उतरते. ही साखर पेशींच्या आत नेण्याचे काम इन्शुलिन नावाचा स्राव करतो. कर्बोदके कमी करून त्यांच्या जागी प्रथिने व स्निग्ध पदार्थ वाढवावयाचे, हे या आहाराचे तत्त्व. ‘कमी’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. कमी म्हणजे किती, याची सर्वमान्य एकच मर्यादा कधीच नव्हती आणि आजही नाही. कोणी दिवसाला वीस ग्रॅम म्हणतो, कोणी शंभराहून अधिकही ‘कमी’ धरतो. एवढे ध्यानात ठेवले तरी निम्मे वाद मिटतात.

स्थूलपणा आणि प्रमेह यांचा संबंध आपल्याकडे फार पूर्वीपासून ओळखला गेला होता. चरकसंहितेत आठ प्रकारच्या निंद्य देहांचे वर्णन आहे. त्यांत अतिस्थूल व अतिकृश हे दोन्ही येतात, आणि दोघांना वेगवेगळे अन्न सांगितले आहे. प्रमेहाच्या रोग्याला तर त्या शास्त्राने जव खावयास सांगितला. हे मुद्दाम लक्षात घेण्याजोगे आहे. जव हेही धान्यच. त्यातही पिष्ट भरपूर. म्हणजे आपल्या जुन्या वैद्यांनी धान्य तोडले नाही, रोगी पाहून धान्य बदलले. स्थूलाला एक आणि कृशाला दुसरे, हा त्यांचा विवेक. आजच्या घाईच्या उपदेशांत नेमका तोच हरवला आहे.

युरोपात या आहाराची सुरुवात मधुमेहापासून झाली. १७९७ साली जॉन रोलो नावाच्या ब्रिटिश लष्करी शल्यवैद्याने मधुमेहाच्या रोग्याला धान्य व भाज्या तोडून मांसाहारावर ठेवल्याची हकीकत प्रसिद्ध केली. पुढे १८७०-७१ च्या हिवाळ्यात जर्मन सैन्याने पॅरिसला वेढा घातला आणि शहरात अन्नाचा तुटवडा पडला. तेव्हा बूशार्दा नावाच्या फ्रेंच वैद्याला दिसून आले की, उपासमार होताच त्याच्या काही रोग्यांच्या लघवीतील साखर नाहीशी झाली. या दोन्ही गोष्टी खऱ्या. पण त्या काळी इन्शुलिनचा शोध लागलेला नव्हता व दुसरा इलाज हाती नव्हता, हेही तितकेच खरे.

हा आहार सामान्य माणसाच्या तोंडी बसविला तो मात्र एका प्रेतसाहित्याच्या व्यापाऱ्याने. लंडनचा विल्यम बँटिंग हा प्रतिष्ठित घराण्यांच्या अंत्यविधीची व्यवस्था पाहणारा गृहस्थ. उंची पाच फूट पाच इंच, वय सहासष्ट आणि वजन २०२ पौंड, म्हणजे सुमारे ९२ किलो. त्याला वाकून बुटाची नाडी बांधता येईना. जिना उतरावयाचा तर पाठमोरे उतरावे लागे. त्याने नाव वल्हवून पाहिली, त्याने भूक मात्र वाढली. घोडेस्वारी केली, बाष्पस्नाने घेतली, गुण नाही. शेवटी कान जड झाला म्हणून तो विल्यम हार्वे या शल्यवैद्याकडे गेला. हार्वे काही वर्षांपूर्वी पॅरिसला क्लोद बर्नार यांची यकृत व साखर यांवरील व्याख्याने ऐकून आला होता. त्याने कानापेक्षा पोटाकडे पाहिले, आणि पाव, लोणी, दूध, साखर, बिअर व बटाटे सोडावयास सांगितले. १८६२ च्या ऑगस्टात बँटिंगने हा नियम धरला, आणि वर्षभरात त्याचे वजन ४६ पौंडांनी, म्हणजे जवळजवळ २१ किलोंनी उतरले. १८६३ साली त्याने आपला अनुभव एका लहान पुस्तिकेत छापून आरंभी फुकट वाटला. पुस्तिका इतकी गाजली की इंग्रजीत त्याच्या नावाचेच क्रियापद झाले. स्वीडिश भाषेत तर वजन उतरविण्याला आजही ‘बांता’ असेच म्हणतात.

आपल्या विषयातील पहिला मोठा गैरसमज येथे जन्मला. बँटिंगने पाव पूर्ण सोडला असे लोक समजले. वस्तुतः त्याच्या रोजच्या जेवणात भाजलेल्या पावाचा लहानसा तुकडा होताच. थोडे फळही होते. त्याने सोडले ते मुख्यत्वे गोड चहादुधात बुडवून खाल्लेले पावाचे ढीग, पेस्ट्री व बिअर. म्हणजे ज्याला या आहाराचा आद्य प्रचारक म्हणतात, त्याचा नियमही ‘कमी’ होता, ‘शून्य’ नव्हता. शिवाय तो सुखवस्तू लंडनकर होता. दिवसातून तीन वेळा मासे किंवा मांस त्याला परवडत होते. ज्या घरी पावाखेरीज दुसरे काही नसे, त्या घरासाठी ती पुस्तिका लिहिलेलीच नव्हती.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत फ्रेडरिक ॲलन या वैद्याने मधुमेहाच्या रोग्यांना अत्यंत अपुऱ्या आहारावर ठेवून त्यांचे आयुष्य काही महिने, काही वर्षे वाढविले. लहान मुले हाडांचे सापळे होऊन जगत, पण जगत. १९२१ साली टोरँटो येथे इन्शुलिनचा शोध लागला आणि ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचले गेले. शोध लावणाऱ्यांपैकी एकाचे नाव फ्रेडरिक बँटिंग. पुष्कळ जण हा आणि लंडनचा तो बँटिंग एकच समजतात, ते चुकीचे आहे. दोघांत साठ वर्षांचे अंतर आहे. इन्शुलिन आल्यावर उपासमारीची गरज राहिली नाही, मुले पुन्हा पोटभर जेवू लागली. ज्यांना इन्शुलिन टोचून घ्यावे लागते त्या रोग्यांनी ते टाकून केवळ भाकरी सोडून बरे होऊ पाहणे म्हणजे शंभर वर्षे मागे, त्या सापळ्यांच्या काळात जाणे होय.

त्याच १९२१ साली मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी अपस्मार झालेल्या रोग्यांसाठी एक फार कडक आहार सुचविला. त्यात जवळजवळ सर्व उष्मांक स्निग्ध पदार्थांतून यावयाचे. कर्बोदके इतकी कमी झाली म्हणजे यकृत चरबीपासून कीटोन नावाचे पदार्थ तयार करते व मेंदू त्यांवर चालू शकतो. हाच आजचा ‘कीटो’. तो निघाला आकडीसाठी आणि वापरावयाचा वैद्याच्या देखरेखीखाली. औषधांनी ज्यांच्या आकड्या थांबत नाहीत अशा मुलांना तो आजही दिला जातो. लग्नसराईपूर्वी चार किलो उतरविण्यासाठी तो काढलेला नाही.

या कीटोनवरूनही दोन उलटसुलट गैरसमज आहेत. विरोधक म्हणतात, साखर न मिळाल्यास मेंदू बंद पडेल. तसे होत नाही. यकृत गरजेपुरती साखर स्वतः तयार करते व उरलेले काम कीटोन भागवितात. उलट भक्त म्हणतात, कीटोन म्हणजे सर्वस्वी निरुपद्रवी. हेही खरे नाही. निरोगी माणसात ते मर्यादेत राहतात. पण इन्शुलिनची उणीव असलेल्या मधुमेह्यात ते बेसुमार वाढून रक्त आम्ल होते, आणि मळमळ, पोटदुखी, धाप लागून रोगी अत्यवस्थ होतो. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. त्या चालू असताना भाकरी एकदम तोडली तर हाच धोका संभवतो. तसेच इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखे औषध तितकेच ठेवून जेवण मात्र निम्मे केले, तर रक्तातील साखर घसरते. घाम सुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. औषध घेणाऱ्या बाईने आहार बदलण्यापूर्वी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे, ते एवढ्यासाठी.

१९७२ साली न्यूयॉर्कचे डॉ. रॉबर्ट ॲटकिन्स यांचे पुस्तक निघाले व बँटिंगची गोष्ट नव्या रूपात जगभर पसरली. त्यांच्या योजनेत पहिला टप्पा अत्यंत कडक, आणि पुढे कर्बोदके थोडी थोडी परत वाढवावयाची असा क्रम होता. लोकांनी पहिला टप्पा उचलला, पुढचे टप्पे विसरले. कारण पहिल्या आठवड्यातच काटा दोन किलोंनी खाली येतो व माणूस हरखून जातो. ही घट कशाची असते ते पाहा. आपले यकृत व स्नायू सुमारे चारपाचशे ग्रॅम साखर साठवून ठेवतात, आणि त्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तिप्पट पाणी धरून ठेवतात. भाकरी बंद होताच हा साठा वापरला जातो व पाणी लघवीवाटे निघून जाते. काटा उतरतो तो बव्हंशी या पाण्याचा. दोन दिवस नेहमीसारखे जेवताच पाणी परत येते, आणि बाई म्हणते, ‘एका भाकरीने माझे दोन किलो वाढले.’ बिचाऱ्या भाकरीवर हा उगाच आळ आहे.

मग या आहाराने वजन उतरतच नाही काय? उतरते. पण दुसऱ्या मार्गानेही तितकेच उतरते. २००३ साली अमेरिकेत ६३ स्थूल माणसांवर झालेल्या एका पाहणीत सहा महिन्यांनी कमी कर्बोदकांचा गट पुढे होता. वर्ष संपताना दोन्ही गटांतला फरक नगण्य उरला. २०१८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ख्रिस्तोफर गार्डनर यांनी ६०९ माणसांची वर्षभराची मोठी पाहणी प्रसिद्ध केली. कमी स्निग्धांच्या गटाचे सरासरी ५.३ किलो उतरले, कमी कर्बोदकांच्या गटाचे ६ किलो. फरक इतका थोडा की त्याला शास्त्रदृष्ट्या अर्थ नाही. दोन्ही गटांना एक गोष्ट मात्र सारखीच सांगितली होती : साखर, मैदा व कारखान्यातील तयार खाणे टाळा, आणि भाज्या भरपूर खा. त्याहून उद्बोधक प्रयोग ब्रिटनमधला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात मधुमेह्यांना काही महिने दिवसाला सुमारे साडेआठशे उष्मांकांच्या पेयावर ठेवले, आणि वर्षअखेर त्यांतील ४६ टक्के रोग्यांचा मधुमेह औषधाशिवाय आटोक्यात राहिला. त्या पेयात निम्म्याहून अधिक उष्मांक कर्बोदकांचे होते! म्हणजे तेथे गुण आला तो वजन उतरल्याने. धान्य वा साखर हा एकच शत्रू ठरवून नव्हे.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. येथे या चर्चेला चालना दिली ती विदर्भाच्याच एका पुत्राने. काटोलचे आमदार राहिलेले व अनेक पदव्यांमुळे प्रसिद्ध पावलेले डॉ. श्रीकांत जिचकार आपल्या व्याख्यानांतून, वारंवार खाणे सोडा व भूक लागेल तेव्हा दोनदाच जेवा, असे सांगत. २००४ साली अपघातात त्यांचे निधन झाले. त्यांच्या विचारावरून लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी आपली योजना बसविली. दिवसातून दोन जेवणे, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत, आणि रोज पाऊण तास झपाझप चालणे, हे तिचे सूत्र खेडोपाडी पोहोचले. तीवर तज्ज्ञांत मतभेद झाले, वाद रंगले. त्यात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. एवढेच सांगावयाचे की, पुष्कळ बायका हिलाच ‘भाकरी बंद करण्याचा आहार’ समजतात. गोड टाळा, कर्बोदके आवरा व प्रथिने वाढवा, असा सल्ला तीत आहे खरा. पण तिचा मुख्य भर किती वेळा खावे यावर आहे. दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ करून दोन्हींचे अर्धवट पालन करणे, हा आपल्याकडचा नित्याचा प्रकार आहे. दोनदा जेवावयाचे म्हणून सकाळी उपाशी राहून शेतावर जावयाचे, आणि भाकरी नको म्हणून दुपारी काकडीवर भागवावयाचे, हे कोणत्याच डॉक्टरांनी सांगितलेले नाही.

धान्याविषयीचे आपले गैरसमज तर स्वयंपाकघरातच तपासता येतील. आपल्या अन्नघटकांची पद्धतशीर कोष्टके निलगिरीतील कुन्नूर येथील प्रयोगशाळेत १९३७ च्या सुमारास प्रथम तयार झाली. तीच संस्था १९५८ साली हैदराबादला गेली व आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. या कोष्टकांप्रमाणे शंभर ग्रॅम तांदळात सुमारे ७८ ग्रॅम कर्बोदके असतात, ज्वारीत व गव्हाच्या पिठात सत्तरीच्या आसपास, कुटकीत सुमारे ६५. तेव्हा ‘ज्वारीत पिष्ट नसते’ ही समजूत निराधार आहे. ज्वारीचा खरा गुण तिच्या चोथ्यात आहे. तिच्यात शंभर ग्रॅमला सुमारे दहा ग्रॅम तंतू असतात. पांढऱ्या सडलेल्या तांदळात तीनसुद्धा भरत नाहीत. म्हणून भाकरी पोटात बराच वेळ टिकते. पण त्या भरवशावर चारऐवजी सहा भाकरी खाल्ल्या तर हिशेब तोच.

ज्वारी चांगली, पण एकटी पुरी नव्हे, हेही हैदराबादच्या संशोधकांनी दाखवून दिले आहे. दख्खनच्या पठारावर केवळ ज्वारीवर जगणाऱ्या गरीब मजुरांत पेलाग्रा नावाचा त्वचेचा व आतड्यांचा विकार दिसे. डॉ. गोपालन व श्रीकांतिया यांनी १९६० साली त्याचा संबंध ज्वारीतील ल्यूसीन या घटकाशी जोडला. आपल्या वऱ्हाडातल्या आज्या हे शास्त्र शिकल्या नव्हत्या. पण त्यांनी भाकरी कधी एकटी वाढली नाही. भाकरीबरोबर तुरीचे वरण, झुणका, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, कण्यांबरोबर ताक. धान्याला डाळीची जोड दिली की दोघांतील प्रथिने एकमेकांची उणीव भरून काढतात. ही थाळी म्हणजे पिढ्यांच्या अनुभवातून आलेले उत्तम पोषणशास्त्र होय.

उपवासाची गोष्ट त्याहून गमतीची. एकादशीला, चतुर्थीला, श्रावणी सोमवारी आपण भाकरी, भात, वरण सोडतो व साबुदाण्याची खिचडी करतो. पोट हलके राहील व वजनही उतरेल, असे एकीकडे वाटत असते. हा साबुदाणा येतो कोठून? बव्हंशी तामिळनाडूत सेलमच्या बाजूस टॅपिओकाच्या कंदापासून तो होतो. तो उद्योग तेथे १९४० नंतरच्या दशकात उभा राहिला. शंभर ग्रॅम साबुदाण्यात ८५ ग्रॅमांहून अधिक निव्वळ पिष्ट, आणि प्रथिने जवळजवळ नाहीत. म्हणजे भाकरी सोडून आपण भाकरीपेक्षा अधिक पिष्ट खातो! खिचडीतले दाण्याचे कूट हाच काय तो त्यात कसदार भाग. गुळाचेही तसेच. गूळ हा रंगाने वेगळा, पण शेवटी साखरच. मधुमेह्याला तो ‘चालतो’ ही समजूत पुष्कळ घरांतून नुकसान करीत आहे. आपल्या मोहाच्या वाळलेल्या फुलांतही साखर भरपूर असते. टंचाईच्या दिवसांत त्यांनी आदिवासी घरांना तगविले ते त्यामुळेच. त्या दिवसांत तोच त्यांचा गुण होता.

यावरून कर्बोदकांचे प्रमाण आपल्याकडे ठीक आहे, असे मात्र कोणी समजू नये. भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचा आहारविषयक भाग २०२५ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार आपल्या लोकांना सुमारे ६२ टक्के उष्मांक कर्बोदकांतून मिळतात, आणि त्यांतील बहुतेक सडलेला तांदूळ, दळलेले पीठ व साखर यांतून. हे प्रमाण खचित जास्त आहे. त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली. नुसता तांदूळ काढून त्या जागी गव्हाचे किंवा भरडधान्याचे पीठ घातल्याने मधुमेहाचा धोका कमी झाला नाही. थोडे पिष्ट कमी करून तेथे डाळी-कडधान्य किंवा दूधदह्यातील प्रथिने आली, तेव्हा तो कमी आढळला. आज्यांच्या थाळीला हे एक प्रकारे आधुनिक प्रमाणपत्रच मिळाले. त्या थाळीत आपण बदल केला तो असा की भाताचा ढीग वाढला आणि वरण पातळ झाले.

वरण पातळ का झाले, याचाही इतिहास आहे आणि तो आपल्या मेळघाटाचा आहे. आपल्या कोरकू बांधवांच्या शेतांत कोदो, कुटकी, सावा, ज्वारी, मका व कडधान्ये होत. कुटकी ही आपल्या उपवासाच्या भगरीच्याच कुळातली. पावसाळ्यात तरोट्यासारख्या रानभाज्या, नदीतले मासे, कोंबडीचे अंडे, गवळ्यांच्या गोठ्यातले दूध, यांनी ताट भरे. पुढे विक्रीचे पीक म्हणून सोयाबीन आले. ते शेतात वाढले आणि बाजारात गेले, ताटात फारसे आले नाही. आणि कुटकीकोदोचे वावर आक्रसले. स्वस्त धान्य दुकानातून तांदूळ व गहू मिळू लागला. २०१३ च्या कायद्याने प्राधान्य कुटुंबातील माणशी महिन्याला पाच किलो धान्याचा हक्क मिळाला व जानेवारी २०२३ पासून ते धान्य मोफत झाले. त्याने भूक भागली, हे उपकार विसरता येणार नाहीत. १९९३ साली मेळघाटातील बालमृत्यूंच्या बातम्यांनी सारा महाराष्ट्र हादरला होता. तो काळ पाहिलेल्या बायका आपल्यात आहेत. परंतु धान्य फुकट आणि डाळ महाग, असे झाले की ताटात पिष्ट वाढते व प्रथिने घटतात. मेळघाटातील बाईच्या ताटात कर्बोदके जास्त आहेत ती तिच्या जिभेच्या हौसेने नव्हे. तिला परवडते तेच तेवढे आहे. तिला जाऊन ‘भात सोड’ म्हणणे म्हणजे ‘जेवण सोड’ म्हणणेच होय.

आणि तरीही ‘आम्ही सडपातळ, आम्हांला मधुमेह कसला’ असे म्हणून निर्धास्त राहता येत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील माता व बालके यांचा अभ्यास केला. तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधील बाळांहून ती लहान व बारीक, पण अंगावरची चरबी त्या मानाने तितकीशी कमी नव्हती. स्वतः याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश मित्र युडकिन यांचे उदाहरण २००४ साली छापून आले. उंचीच्या मानाने वजनाचा दोघांचा निर्देशांक सारखाच, २२.३, पण अंगातील चरबी युडकिनांच्या ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२ टक्के. दिसावयास बारीक आणि आतून मेदयुक्त अशी आपली घडण असू शकते, व तिची सुरुवात आईच्या पोटात होते. त्या खेड्यांत ज्या गरोदर स्त्रियांच्या जेवणात दूध, हिरव्या पालेभाज्या व फळे वारंवार होती, त्यांची बाळे अधिक वजनाची जन्मली. मधुमेह टाळण्याचा विचार पन्नाशीत भाकरी मोजण्यापासून सुरू होतो, असे आपण समजतो. तो विशीतल्या सुनेच्या ताटापासून सुरू व्हावयास हवा, हा या अभ्यासाचा बोध आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे २०१९-२१ चे आकडे हेच सांगतात. महाराष्ट्रात पाचांतील एक स्त्री अतिकृश, आणि पाचांतील एकीहून थोड्या अधिक स्थूल. निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात लोह कमी. चरकाने सांगितलेले दोन्ही देह आज एकाच गावात, कित्येकदा एकाच घरात नांदत आहेत. चुलीपाशी उभी असलेली बाई त्या दोघांना एकच नियम लावील तर दोघांपैकी एकाचे नुकसान ठरलेले.

म्हणून भगिनींनो, या दीडशे वर्षांच्या हकीकतीतून काही साध्या गोष्टी पदरात बांधून घ्याव्या. जिचे वजन खरोखर वाढले आहे, पोटाचा घेर वाढला आहे किंवा जिच्या रक्तात साखर निघाली आहे, तिने पिष्ट कमी करणे हितकारकच आहे. आधी चहातील साखर, बिस्किटे, शेव व मैदा जावा, मग भाताची मूद लहान व्हावी. भाकरीचा क्रम शेवटचा. जी भाकरी कमी होईल तिच्या जागी घट्ट वरण, उसळ, दही, अंडे, पालेभाजी यांतले काहीतरी आले पाहिजे. नुसती रिकामी जागा ठेवू नये. औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्यावाचून पाऊल टाकू नये. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिनेही आपल्या मनाने वाढवू नयेत. गरोदर व अंगावर पाजणारी बाई, वाढत्या वयाची मुलगी आणि अशक्त बाई यांना हा आहार नाही. त्यांच्यासाठी २०१५ साली शासनाने डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आदिवासी भागात सुरू केली. अंगणवाडीतून गरोदर व स्तनदा मातांना दिवसातून एक वेळचे पूर्ण जेवण देण्याची ती योजना आहे. तेथे भाकरी-भाताबरोबर डाळ, भाजी, अंडे वाढावयाचे असते ते विचारपूर्वक. ते ताट आपल्या सुनेपर्यंत पोहोचते की नाही, आणि सासूच्या नव्या नियमापायी ती ते अर्धवट टाकीत नाही ना, हे पाहण्याचे काम मंडळाच्या सभासदांनी अंगावर घ्यावे.

आणखी एक काम आपल्या हातचे आहे. वावराच्या एका तुकड्यात कुटकीकोदो, तूर, बरबटी पेरणे, परसात शेवगा व अंबाडी लावणे, दोन कोंबड्या पाळणे, हे सेमाडोहात कोणालाही नवे नाही. २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे वर्ष म्हणून जगभर साजरे झाले. आपण ज्याला गरिबाचे धान्य म्हणून खाली मान घालीत होतो त्याला शहरांतून मागणी आली. ते सारे विकून टाकून घरी केवळ तांदूळ शिजविण्याची चूक मात्र होऊ नये. थोडे घरच्या डब्यात राहू द्यावे. मंडळाच्या पुढील वर्षात आठवड्यातून एक दिवस सर्वांनी मिळून अशी थाळी रांधावी, प्रत्येकीची गरज पाहून वाढावी, आणि वाढता वाढता या विषयाची चर्चाही करावी, अशी माझी सर्व सभासद भगिनींना नम्र विनंती आहे.